कढत पाणी आधी सोड, मुठेल नंतर शोध

तुझा प्रश्न वाचला. ठाण्याहून लग्न होऊन दापोलीकडे आलीस, इकडची पहिलीच थंडी, नडग्यांवर पांढऱ्या खपल्या, चेहऱ्याला काहीही लावलं की चरचरतं, सासूबाई म्हणतात मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, लाव, नवरा म्हणतो महागातली क्रीम आण, आणि तुला पडलेला प्रश्न असा की समुद्र इतका जवळ असून कातडी कोरडी पडतेच कशी.

त्याचं कारण वारा. दुपारी येतो तो खारा वारा, समुद्रावरून येणारा, दमट. पण रात्रीपासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत मतलई वारा असतो, तो जमिनीवरून, घाटाकडून येतो आणि डिसेंबर-जानेवारीत चांगलाच थंड नि कोरडा असतो. त्यात दापोली उंचावर, तिथे पारा कधीकधी १० अंशांच्या आसपास उतरतो, आमच्या गुहागरला एवढं नाही बाई. आंबेवाले या थंडीची वाटच बघत असतात, मोहर फुटतो ना, त्यामुळे आमच्या घरी हे सकाळी कलमांखाली खूश होऊन फिरतायत आणि मी पडवीत फुटलेले ओठ घेऊन बसलेय असं दर वर्षीचं चित्र.

पण खरं सांगू का, वाऱ्याने होतं त्यापेक्षा जास्त नुकसान आपण न्हाणीत करून घेतो. मीच कित्येक वर्षं चुलीवरचं कढत पाणी अंग लाल होईपर्यंत घ्यायचे, वर साबण खसाखसा, वर ती काथ्याची घासणी, आणि मग दिवसभर खाजवत बसायचं. कातडीवर तिचं स्वतःचं तेल असतं तेच धुऊन जातं, मग आतलं पाणी उडत राहतं. साधा साबण अल्कधर्मी असतो, पीएच ९-१० च्या घरात, आणि कातडी असते साधारण ५ च्या आसपास, म्हणजे थोडी आंबटच, तर तिला तो झोंबणारच. म्हणून पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकायची, साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना, हातापायांना रोज लावायची काही गरज नाही, आपण काय रोज चिखलणी करत नाही. लावायचाच असेल तर बिनवासाचा सौम्य क्लिंझर किंवा 'सिंडेट बार' (दिसायला साबणाची वडी, पण साबण नव्हे) मेडिकलमध्ये माग. आणि दिवाळीत उरलेलं उटणं संपवायचं म्हणून डिसेंबरभर चोळत बसू नकोस, या कातडीला ते सोसणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, लावायचं ते लावायचं. तेल किंवा व्हॅसलीन स्वतः कातडीला पाणी देत नाही गं, असलेलं पाणी अडवून ठेवतं, त्यामुळे सुक्या कातडीवर थापलं की वरून तेलकट आणि आतून तशीच कोरडी. हे एक समजलं तेव्हापासून माझं क्रीमवरचं निम्मं खर्चाचं प्रकरण संपलं. रात्री झोपताना नडग्यांना परत एकदा लाव.

मुठेलाबद्दल सासूबाई बरोबर आहेत. रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगतं ते काढून हाताने गोळे वळतात, म्हणूनच मुठेल. पण ते ४० अंशांच्या जवळपास गेल्याशिवाय नीट वितळत नाही, त्यामुळे तसाच गोळा नडगीवर घासलास तर ती आणखी खरचटेल. मी काय करते, एक चमचा किसलेलं मुठेल आणि तीन चमचे खोबरेल वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवते, विरघळलं की ढवळून डबीत भरते. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा आपल्या सकाळी डबी घट्टच असणार, बोटावर घेऊन जरा चोळायचं. टाचांना आणि ओठांना याच्यासारखं दुसरं काही नाही (भाकरीवर पण छान लागतं ते वेगळं). चेहऱ्याला मात्र नको, पुरळ येऊ शकतं. तिथे बिनवासाचं, सिरॅमाइड किंवा ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम, बाकी सिरम-फिरम, स्क्रब, लिंबू, बेसन सगळं महिनाभर बंद. नवीन काहीही आणलंस, मुठेलसुद्धा, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघ. युरियाचं क्रीम टाचेला चांगलं पण भेगेत गेलं तर डोळ्यात पाणी आणतं.

टाचेच्या भेगेत बिब्बा घाल असं कोणीतरी सांगणारच तुला. नको. माझ्या चुलत सासूबाईंनी घातला होता, दोन दिवसांत फोड, मग पाणी, पंधरा दिवस पायात चप्पल नाही. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले, त्यामुळे आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने ज्यांना उठतं त्यांनी तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

दुसरं म्हणजे मेडिकलवाल्याकडून 'खाजेची ट्यूब' आणू नकोस. मी एकदा आणली होती, चार दिवसांत कातडी गुळगुळीत, मी खूश, बंद केली तर दुप्पट. डॉक्टरांनी ट्यूब बघूनच कपाळाला हात लावला, स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकात. स्टेरॉइड वाईट नसतं, पण किती दिवस आणि कुठे लावायचं ते डॉक्टर सांगतात, दुकानदार नाही.

आणि एकदा नीट उजेडात बघ, हे कोरडेपणच आहे ना. गोल, कडेला लाल आणि मध्ये साफ असेल तर गजकर्ण, त्यावर तेल चोळून उपयोग नाही. रात्री अंथरुणात खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात पुळ्या असतील आणि नवऱ्यालाही सुटली असेल तर खरूज, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा एकदम उपचार लागतो. भेगेतून पाणी, पिवळी खपली, किंवा घरात कोणाला साखर असून टाच फुटलेली, तर सरळ डॉक्टर गाठा.

लोकरीचा स्वेटर थेट अंगाला नको, आतून सुती घाल. भांडी-कपड्याला रबरी हातमोजे, मला आधी नखरे वाटायचे पण मासळी साफ करून वर पावडरमध्ये हात घालणाऱ्या बाईला ते कळतं. व्हॅसलीन फासून शेकोटीला चिकटून बसू नकोस, ते कपड्यात मुरलं की कपडा पटकन पेट घेतो, शिवाय सारखी धग घेऊन नडगीवर जाळीसारखे डाग उठतात ते वेगळंच.

सासूबाईंकडचा गोळा किती जुना आहे ते मात्र विचारून घे आणि वास घे. खवट लागला तर ओठांना लावू नको, वितळवून न्हाणीच्या दाराच्या बिजागरीत सोड, या खाऱ्या हवेत तीही करकरत असेल.