कवितेशेजारची मोसंबी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बारा कवितांचं सचित्र पुस्तक करतेयस आणि कवितेत जे आलंय तेच चित्रात काढणार आहेस. ते करू नकोस. कवितेत विहीर आणि शेजारी पुन्हा विहीर, तर दोन्हींपैकी एक फुकट जातं. फ्रेंच चित्रकार मातिसनं फ्रेंच कवी मालार्मेच्या कवितांसाठी एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरून घेतलेले छाप, केली (1932), त्यांत रेघ सगळीकडे बारीक, सारख्या जाडीची ठेवली, छटा दिल्याच नाहीत. समोरच्या पानावर अक्षरांचा काळा भार होता, म्हणून चित्राचं पान पांढरं राखलं. हा तोल आधी शीक.

त्यासाठी महिनाभर स्थिरचित्रं कर. तांब्या, दोन मोसंब्या, पांढरं फडकं, बस्स. खिडकी उत्तरेची घे. दक्षिणेचं ऊन तासाभरात सरकतं आणि सावल्या बदलतात. बालाघाटचं पिकलेलं सीताफळ मांडलंस तर तेच आधी काढ, दुसऱ्या दिवशी काळं पडतं. तांब्याचं तोंड चपटं दिसतं, पण बूड नजरेच्या आणखी खाली असल्यामुळे जास्त गोलाकार दिसतं. बूड सरळ रेघेनं काढलं की तांब्या टेबलावर बसतच नाही. वस्तूंमधल्या मोकळ्या जागांचे आकारही रेखत जा, प्रमाण तिथे पकडलं जातं.

मग लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून शाईनं घेतलेला छाप. लिनो थोडा वेळ उन्हात ठेव, मऊ होतो, हत्यार घसरत नाही. दुसरा हात कायम धारेच्या मागे. छाप उलटा येतो, म्हणून ट्रेसिंग पालथं घालून उतरव. लिनोचा काळा फार जड असतो. चार ओळींची कविता त्याच्याखाली चिरडते. अशा कवितेला जास्त कोर, काळं थोडंच राहू दे.

कागजीपुऱ्याचा हातकागद जरूर वापर, मात्र प्रत्येक तावाच्या कोपऱ्यावर शाईचा थेंब टाकून बघ. कडा केसाळ झाल्या तर त्यावर अक्षरं नकोत, फक्त चित्र. गिरणीचा कागद ज्या दिशेनं सहज वाकतो ती घडी शिवणीला समांतर हवी, नाहीतर पावसाळ्यात पानांना लाटा येतात. चोवीस पानं कविता-चित्रांची, आठ शीर्षक वगैरेंची, एकूण 32. चार ताव एकदा दुमडले की सोळा पानं, तसे दोन जुजे (एकात एक घातलेल्या दुमडलेल्या तावांचे गठ्ठे) सुती दोऱ्यानं शिव. तेलाची शाई नीट वाळल्याशिवाय शिवू नकोस, समोरच्या कवितेवर डाग उठतो.

आधी साध्या कागदाची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करून पाठव.