अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीच्या सरकारी शाळा नेमकं कोण चालवतं? आपल्या जिल्हा परिषदेसारखंच असतं का?

राज्याराज्यात फरक आहे, म्हणून वेस्ट व्हर्जिनियापुरतं सांगतो. तिथे ५५ काउंट्या आणि ५५ स्कूल डिस्ट्रिक्ट. जिल्हा परिषदेशी तुलना इथेच तुटते, कारण शाळांसाठी वेगळं बोर्ड असतं आणि काउंटी कमिशनचा, म्हणजे काउंटीचा बाकी कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाचा, शाळांच्या बजेटशी संबंध नसतो.

बोर्डावर पाच जण, चार वर्षांसाठी निवडून आलेले. सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, तेच नेमतात. पण भरतीत नाव सुपरिंटेंडेंटनेच सुचवायचं आणि बोर्डाने त्यावर मत द्यायचं. नाव नाकारलं तर दुसरं नावही त्याच्याकडूनच येतं. म्हणजे एखाद्या सदस्याला वाटलं म्हणून भाचा चिकटवता येत नाही. निदान कागदोपत्री.

खरी मेख पैशात आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीची पटसंख्या राज्याच्या सूत्रात जाते आणि पुढच्या वर्षी किती पदांचे पैसे मिळणार हे त्यावर ठरतं. आपल्याकडची संचमान्यता आठवा. १,४०० पेक्षा कमी विद्यार्थी असलेली काउंटी १,४०० धरूनच मोजतात, नाहीतर लहान डिस्ट्रिक्ट कधीच बसले असते. नेहमीच्या मालमत्ता करातला बहुतेक वाटा ‘स्थानिक हिस्सा’ म्हणून राज्याच्या मदतीतून वजा होतो. त्यामुळे जमिनीचे भाव वाढले म्हणून शाळेच्या हातात फारसं काही पडत नाही. एक्सेस लेव्हीचा पैसा मात्र वजा होत नाही. हा जादा कर मतदारांनी साध्या बहुमताने मंजूर करायचा, जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. राज्याच्या किमान पगारावरची भर, सूत्रापलीकडची पदं, वाचनालयाला मदत असा खर्च बऱ्याच ठिकाणी यातूनच भागतो. लेव्ही पडली की पहिली कुऱ्हाड यावरच.

गाडं अडतं ते पट घसरल्यावर. मॅकडॉवेल काउंटीत १९५० साली ९८,८८७ माणसं होती, २०२० मध्ये १९,१११. कोळसा गेला, माणसं गेली, करही गेला. २००१ ते २०१३ या काळात तिथल्या शाळा राज्याने स्वतःच्या ताब्यात घेतल्या होत्या. समजा साठ मुलं कमी झाली, तरी ती एकाच वर्गातून जात नाहीत. प्रत्येक इयत्तेत चार-पाच कमी. मग कुठलाच वर्ग बंद करता येत नाही, इमारत गरम ठेवणारा बॉयलर तेवढाच जळतो, बस त्याच घाटातून तेवढीच फिरते, पैसे मात्र कापले जातात. मग शाळा एकत्र करायच्या. त्याआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, पण माझ्या मते तोवर आकडे जुळवून झालेले असतात. बचत इमारतीत दिसते, किंमत मुलं बसमध्ये मोजतात. बसगाड्या बदलण्याचे पैसे राज्य दरवर्षी ताफ्याच्या ८.३३ टक्के धरून देतं, म्हणजे गाडीचं आयुष्य बारा वर्षं धरलेलं. डोंगरातल्या रस्त्यांवर तेवढी वर्षं काढणं सोपं नाही.

तिथे राहायला जाणार असाल तर तक्रार थेट बोर्डाकडे नेऊ नका. आधी शिक्षक, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडेंटचं ऑफिस. नियमित सभेचा अजेंडा कामाचे तीन दिवस आधी लावावा लागतो आणि त्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. वसंतातल्या सभांचे अजेंडे पाहाल तेव्हा कर्मचाऱ्यांचं पान आधी उघडा. पुढच्या वर्षी कुठली पदं जाणार ते तिथेच सापडतं.