नाकाचं ऑपरेशन करायचंय ना, मग आधी हे वाच

अगं बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नीट झोपच लागली नाही, कारण सत्ताविसाव्या वर्षी मीही अशीच घरात कुणाला न सांगता नाकाच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आले होते. करू नकोस असं मी म्हणणार नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' ऐकत मोठं झालं की नाकात जीव का अडकतो हे मला माहितीये, आणि ही म्हण सहज म्हणणाऱ्यांना कळत पण नाही ती कुठे जाऊन बसते.

नाक नीट हवंसं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या पुण्याजवळच कावसजी नावाच्या गाडीवानाचं, टिपूच्या लोकांनी कापलेलं नाक, कपाळाची कातडी वळवून नवीन करून दिलं होतं, आणि करणारा पिढीजात हे काम करणारा एक कारागीर होता. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकिगत छापून आली आणि १८१४ मध्ये तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने तीच पद्धत वापरली. आता तुझ्याकडे भूल आहे, ॲन्टिबायोटिक आहे, तू कशाला घाबरतेस.

पण तू पाठवलेले सगळे फोटो सेल्फी आहेत गं. फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवलंय. म्हणून कुणाला तरी लांबून समोरचे, दोन्ही बाजूंचे, मान वर केलेले फोटो काढायला सांग, फिल्टर नको, आणि मग बघ अजूनही तीच गोष्ट खटकतेय का. खटकत असेल तर ती एका वाक्यात लिही, 'मधला उंचवटा' किंवा 'टोक', नटीचा फोटो दाखवून 'असं करा' म्हणू नकोस, तिची कातडी वेगळी आणि तुझी जाड, जाड कातडीची सूज टोकावर जास्त महिने राहते.

आता मुख्य गोष्ट. घरापासून लपवायचं तर तो तुझा प्रश्न, पण सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरपासून एक अक्षर लपवू नकोस. मी लपवलं होतं. पाळीत दुखतं म्हणून आदल्या आठवड्यात आयबुप्रोफेन घेत होते, विचारल्यावर नाही म्हणाले कारण तारीख पुढे जाईल असं वाटलं, मग त्या गोळ्यांमुळे रक्त थांबेना आणि दोन दिवस नाकात बोळे घालून मी तोंडाने श्वास घेत पडले होते, आई बाहेर बाकावर. ॲस्पिरिन, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, वैद्याचा काढा, सगळं लिहून ने. कुठलं कधी बंद करायचं ते डॉक्टरच ठरवतील, हृदयाची किंवा रक्त पातळ करायची गोळी कुणाला चालू असेल तर ती आपल्या मनाने अजिबात बंद करायची नाही. आणि मैत्रिणींसोबत ओढतेस ती सिगरेट, वेप पण, निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर बंद, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. श्वास कुठल्या नाकपुडीने कमी येतो, ॲलर्जी, जखमेचा व्रण फुगून येतो का, हेही सांग.

डॉक्टरची डिग्री बघ, प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर चेहऱ्याच्या सर्जरीचा अनुभव असलेला कान-नाक-घसा वाला. मेडिकल कौन्सिलचा नंबर विचारायला संकोच करू नकोस. भूल कोण देणार, हे विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडे ऑपरेशन करून घेऊ नकोस.

लग्न डिसेंबरात आहे म्हणून नोव्हेंबरात करायचं हे मात्र मला बिलकुल पटत नाही. स्प्लिंट, म्हणजे नाकावरची कडक पट्टी, आठवडाभरात निघतं, डोळ्याखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत जातं, पण शेवटचा आकार यायला वर्ष लागू शकतं, आणि चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवता येत नाही. एकतर आत्ता कर किंवा लग्नानंतर.

ऑपरेशनच्या दिवशी पुढून बटणं असलेला शर्ट घाल, चमकी काढ, नेलपेंट पुस, आणि सहा-आठ तास पोटात काही नको, साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते विचार. पहिल्या भेटीला मी येऊ का सोबत? मंगळवारी मला सुट्टी असते, कुठे भेटायचं ते कळव.

तुझी ताई