तोंडाचा वास: आधी कारण शोधा, मग माणसाशी बोला

पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो, हा समज आधी सोडा. बहुतेक वेळा मूळ तोंडातच असतं: जिभेच्या मागच्या भागावरचा पांढरट थर आणि दात-हिरड्यांच्या फटीत साचलेली घाण. तिथले जिवाणू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. म्हणून नुसत्या ब्रशने भागत नाही. जीभ घासणीने मागून पुढे, हलक्या हाताने साफ करा. रोज रात्री फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा, फिरवा. एकाच फटीतला फ्लॉस रोज घाण वास देत असेल किंवा रक्त येत असेल, तर कीड किंवा हिरड्यांचा आजार असू शकतो, दंतवैद्याला दाखवाच. अल्कोहोलचा माउथवॉश टाळा, तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. दात-हिरड्या ठीक निघाल्या तर टॉन्सिलमधले खडे आणि सायनस तपासून घ्या.

वास दुसऱ्या कुणाच्या तोंडाला येत असेल, तर त्याला सांगताना एकांत हवाच. पुदिन्याच्या गोळ्या पुढे करून सुचवू नका. कळलं नाही तर उपयोग नाही, कळलं तर जास्त लागतं. "तुझ्या तोंडाला वास येतोय. आपला आपल्याला तो कळत नाही, म्हणून सांगतोय. एकदा दात दाखवून घे." एवढंच बोला आणि विषय बदला.