चढावर लागणारी धाप आणि मुठीतला ऑक्सिमीटर

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी डोंगराळ भागात आलेली विशी-पंचविशीतली मुलं माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक काळजी हमखास घेऊन येतात. "इथं राहून माझी फुप्फुसं बिघडतायत का?" काहींची काळजी नेमकी उलटी. "आम्ही जन्मापासून डोंगरातले. आमची छाती तर दणकट हवी, मग मला धाप का लागते?" दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, धाप लागली म्हणजे दोष फुप्फुसांचा.

तेवीस वर्षांच्या एका मुलीची हकीकत सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सपाटीवर वाढलेली ही मुलगी पहिल्या नोकरीसाठी साधारण ११०० मीटर उंचीवर राहायला आली. खोलीपासून कामाच्या जागेपर्यंत उभा चढ. पहिल्याच आठवड्यात तिला अर्ध्या वाटेवर थांबावं लागलं आणि बरोबरच्या दोघी गप्पा मारत पुढे निघून गेल्या. त्याच रात्री तिनं ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र, मागवला.

माझ्याकडे आली तेव्हा तो तिच्या मुठीतच होता. बोलता बोलता हात टेबलाखाली जायचा, बोटाला यंत्र लागायचं आणि नजर खाली वळायची. ९६ दिसलं की चेहरा जरा सैल. ९४ आलं की दुसरं बोट, मग तिसरं. बोटं गार पडलेली असली तर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दम लागतो म्हणून आलेल्या कुणालाही मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. "मनाचं आहे" हे तपासणीआधी म्हणायचा अधिकार समुपदेशकाला नाही, असं माझं ठाम मत आहे. रक्त कमी असणं, दमा, थायरॉइडचा किंवा हृदयाचा त्रास, यातलं काहीही धापेमागे असू शकतं. तिच्या तपासण्या नीट आल्या. तरी स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर एका ओळीपुढे ८८ टक्के लिहिलं होतं आणि ती त्यावरच अडकली. "मॅडम, म्हणजे माझी बारा टक्के फुप्फुसं गेली ना?"

तसं नसतं. हे परीक्षेतले गुण नव्हेत. पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेल्या हवेची तुलना त्याच वयाच्या, शरीराच्या उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी माणसांच्या सरासरीशी केलेली असते. निरोगी माणसं त्या सरासरीच्या वरही असतात आणि खालीही. पहिल्या सेकंदात एकूण हवेपैकी किती बाहेर पडली, हे प्रमाणही डॉक्टर पाहतात. श्वासनलिका अरुंद झाल्या असतील तर ते घसरतं. तिचं उत्तम होतं.

मग आम्ही डोंगराच्या उंचीबद्दल बोललो. डोंगरावर हवेतला ऑक्सिजन कमी टक्के होतो, असं तिला वाटत होतं. टक्केवारी सगळीकडे तीच, जवळपास २१. कमी होतो तो हवेचा दाब. ११०० मीटरवर तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमी असतो, आणि एवढ्या फरकानं निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन फार तर एक-दोन अंकांनी हलतो. उंचीचा त्रास सहसा २५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो. ५५०० मीटरवर दाब जवळजवळ निम्मा होतो.

आता "डोंगरातल्यांची छाती मोठी" या समजुतीविषयी. ती निराधार नाही. पेरूमध्ये अँडीजच्या उंच पठारावरच्या केचुआ लोकांचा अभ्यास रॉबर्टो फ्रिसांचो यांनी केला, १९६९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या लोकांची फुप्फुसांची धारणक्षमता खरोखरच जास्त भरते. पण ती वस्ती ४००० मीटरच्या आसपासची, आणि हा बदल मुख्यतः वाढीच्या वयात घडतो. फुप्फुसांची क्षमता वयाच्या २० ते २५ च्या दरम्यान शिखर गाठते. त्यामुळे तेविसाव्या वर्षी हजार मीटरवर राहायला आलेल्या मुलीची छाती रुंदावणार नाही आणि बिघडणारही नाही. रोजच्या चढानं सुधारतात ते हृदय आणि पायांचे स्नायू. काही आठवड्यांनी तोच चढ कमी दमात होतो, स्पायरोमेट्रीचा आकडा मात्र तिथंच राहतो. डोंगरातल्या फुप्फुसांना खरा धोका असतो धुराचा. बंद खोलीत जळणारं लाकूड, तंबाखूचा धूर, हिवाळ्यात दरीत साचलेल्या गार हवेत कोंडून राहणारा धूर, याची काळजी जरूर करावी.

हे सगळं तिला पटलं. भीती तरीही गेली नाही. माहितीनं भीती गेली असती तर आमचं कामच उरलं नसतं.

डॉक्टरांना विचारून मी तिला खुर्चीत बसवलं, बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगितलं आणि एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावले. अर्ध्या मिनिटातच बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. "हेच! चढावर अगदी हेच होतं!" ती घाबरून म्हणाली. मी म्हटलं, "आता आकडा बघ." ९९ होता. घाईघाईच्या श्वासानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला होता, मुंग्या त्याच्या होत्या. ऑक्सिजन भरपूर असतानाही गुदमरल्यासारखं वाटू शकतं, हे तिनं स्वतःच्या बोटावर पाहिलं. (दमा, हृदयविकार, फिट्स असतील किंवा गरोदरपण असेल, तर हा प्रयोग करू नये. एरवीही एकट्यानं करू नये.)

पुढची वाट हळूहळू सरली. ऑक्सिमीटर आधी फक्त सकाळ-संध्याकाळ, मग मैत्रिणीच्या कपाटात. चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ, आणि भीती वाटली तर थांबायच्या ऐवजी वेग कमी. मधे सर्दी झाली तेव्हा ती यंत्र परत घेऊन आली. मी रागावले नाही, असं होतंच. शेवटच्या वळणावर तिला अजूनही धाप लागते. "लागते, पण आता मी चालत राहते," असं ती म्हणते.

दुसरा एक मुलगा याच सुमारास आला होता. त्याला कित्येक महिने सगळे "सवय नाही तुला" म्हणत होते. त्याची छाती रात्री वाजायची, पहाटे खोकल्यानं जाग यायची. त्याला दमा निघाला, औषधानं तो सावरला. म्हणून बसल्या जागी दम लागत असेल, छाती वाजत किंवा दुखत असेल, चढताना चक्कर येऊन पडायला होत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल, तर माझी वेळ घेण्याआधी डॉक्टरांना गाठा.