नाटक कुठे शिकू?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी आणि सोबत वडील, एसटीत वाहक. बसता बसताच वडील म्हणाले, "मॅडम, नाटक शिकून पोट भरतं का, तेवढं हिला सांगा." मुलीचा प्रश्न वेगळा होता, एनएसडीचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा. "अभिनयच करायचाय. पण एनएसडी नाही मिळालं, तर बाकी कुठं शिकून उपयोग आहे का?" हा प्रश्न घेऊन बरीच मुलं येतात, म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पुसून हे लिहिते आहे.

तिने दोनशे पानी वही उघडली. पट्टीने आखलेले दोन रकाने: संस्था, आणि तिथून कोण बाहेर पडलं. एनएसडीपुढे रोहिणी हट्टंगडी आणि अतुल कुलकर्णी. अतुल कुलकर्णींच्या नावाखाली दोन रेघा, कारण ते सोलापुरात शिकलेले आणि ही सोलापूरची.

त्या रेघा पाहून मला भरून आलं. पण हा रकाना तिला वाट दाखवणार नव्हता. हट्टंगडी १९७४ साली तिथून बाहेर पडल्या, तेव्हा संचालक होते इब्राहिम अल्काझी. त्यांनी ते पद १९७७ मध्ये सोडलं. नाव तेच राहतं, शिकवणारी माणसं बदलतात. आपण जाऊ तेव्हा वर्गात कोण उभं असेल, ते शोधावं लागतं.

मी वही मिटायला लावली आणि विचारलं, "शेवटची एकांकिका कशी झाली?"

मग वीस मिनिटं ती थांबलीच नाही. प्रयोगशाळा बंद झाल्यावर मागच्या व्हरांड्यात तालमी, खडूने आखलेलं घर, एकच एन्ट्री बावीस वेळा. बोलता बोलता सहज म्हणाली, "तिसऱ्या प्रयोगाला माझा आवाजच बसला. पुढचे चार दिवस बोलता येईना."

मला जे हवं होतं ते इथे सापडलं. तिला पहिली गरज होती आवाजावर रोज काम करून घेणाऱ्या शिक्षकाची. नवीन पानावर आम्ही वेगळे रकाने आखले. आवाजाचा आणि शरीराचा तास आठवड्यातून किती वेळा? पहिल्या वर्षी प्रेक्षकांसमोर किती वेळा उभं राहायला मिळतं? नेपथ्य, प्रकाश स्वतःच्या हाताने करावा लागतो का? आणि काम कोणत्या भाषेत चालतं?

भाषेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, प्रवेशाला पदवी आणि नाटकांतल्या कामाचा अनुभव लागतो, आणि तिथलं बरंचसं काम हिंदीत. हिंदीत तिची जीभ अजून अडखळते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग इथे मराठीत नाटक उभं राहतं. माझं मत मी स्पष्ट सांगितलं: पायाभरणी ज्या भाषेत राग येतो, त्या भाषेत व्हावी. एनएसडीची परीक्षा नंतरही देता येते. एफटीआयआय या पुण्याच्या चित्रपट संस्थेचं नाव तिनेच खोडलं, कारण तिथला अभिनयाचा अभ्यासक्रम कॅमेऱ्यासमोरचा आहे आणि तिला रंगमंच हवा होता.

वडिलांशी मी खोटं बोलले नाही. नाटकातली कमाई अनियमित असते, पहिली काही वर्षं फार ओढाताणीची. पण विद्यापीठाची एम.ए. ही पदवी आहे, या विषयात नेट परीक्षा देता येते आणि शिकवण्याचा रस्ता उघडा राहतो. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. दोन वर्षं मी ओढीन. त्यापुढे हिनं बघायचं." एवढा स्पष्ट आकडा देणारे पालक मला क्वचित भेटतात. मुलांना धीर येतो तो अशाच आकड्याने.

निर्णय मी दिला नाही. एकच काम दिलं: अर्ज भरण्याआधी दोन ठिकाणी जाऊन विद्यार्थ्यांचा प्रयोग बघायचा आणि प्रयोगानंतर पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायचं. माहितीपत्रकात नसतं ते ही मुलं सांगतात: शिक्षक तालमीला स्वतः थांबतात का, मागच्या सहा महिन्यांत कोणाला फक्त पडदा ओढायलाच लागला का.

तीन आठवड्यांनी ती परत आली, यावेळी एकटी. ललित कला केंद्राच्या अंगणमंचावर प्रयोग पाहून आली होती. नवीन पान गच्च भरलेलं, अक्षर वाकडंतिकडं, बहुतेक परतीच्या एसटीत लिहिलेलं. आवाजाच्या रकान्यात विद्यार्थ्यांनी सांगितलेलं सगळं तपशिलाने उतरवलं होतं. प्रकाशाच्या रकान्यात एकच ओळ होती: "स्वतः करावं लागतं. मला शिडी धरायला दिली."