व्यसनोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेताय? थोडं ऐका

अभ्यासक्रम निवडताना विषयांच्या यादीआधी हे विचारा: प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम किती, आणि त्यावर सुपरव्हिजन कोण करणार? तुमचं सेशन ऐकून "इथे तुम्ही त्याचं बोलणं तोडलंत" असं सांगणारं कुणी नसेल, तर नुसत्या व्याख्यानांनी हात बसत नाही.

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग मन लावून शिका. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली ही संवादाची पद्धत वाचायला सोपी, करायला फार अवघड. रुग्ण म्हणतो, "सोडायचीय हो, पण संध्याकाळ झाली की राहवत नाही." आपली जीभ लगेच उपदेशाकडे वळते. तिथे थांबायचं आणि विचारायचं, "सोडावीशी कशामुळे वाटतेय?" कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत.

समुपदेशक असलात तरी औषधांचा भाग टाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ओपिऑइड (हेरॉईन, अफूसारखे पदार्थ) सोडलेल्याची ते पचवायची सहनक्षमता उतरते. मग जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. म्हणून डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवणं) झाला की उपचार संपले, असं शिकवणाऱ्या ठिकाणी मी कुणालाच पाठवणार नाही. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइडच्या व्यसनावरची औषधं म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं, हेही मनातून काढा. या औषधांनी माणसं वाचतात.

प्रबंधाचा विषय सावकाश ठरेल. त्याआधी कुटुंबीयांच्या बैठकांना बसायला मिळतंय का, ते बघा.